एकशे एकवीस पराभवांची वही

२७ सप्टेंबर २०२४, शुक्रवारची रात्र. डेट्रॉइटच्या कोमेरिका पार्कवर बेसबॉलच्या सामन्यात टायगर्सनी शिकागो व्हाइट सॉक्सना ४-१ असं हरवलं आणि एकाच क्षणी दोन गोष्टी घडल्या. टायगर्स २०१४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, पोचले आणि सॉक्सच्या नावावर १२१ वा पराभव लागला. १९०० नंतरच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, एका हंगामात इतके सामने कोणताही संघ हरला नव्हता. १९६२ च्या न्यू यॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा उच्चांक बासष्ट वर्षं टिकला होता. २००३ मध्ये याच टायगर्सनी ११९ सामने गमावले होते आणि शेवटच्या सहापैकी पाच जिंकून ते त्या उच्चांकापासून कसेबसे वाचले होते. पुढे तीनच वर्षांनी, २००६ मध्ये, ते वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, खेळले. त्या रात्री जल्लोष करणाऱ्या डेट्रॉइटकरांत समोरच्या संघाच्या चाहत्यांचं दुःख नेमकं ओळखणारे पुष्कळ असणार.

बेसबॉलमधला हरण्याचा हंगाम समजायचा तर आधी त्याची लांबी समजायला हवी. १६२ सामने, जेमतेम १८६ दिवसांत. आयपीएलमधला संघ साखळीत १४ सामने खेळतो. त्यातले दहा हरला तरी दीड-दोन महिन्यांत सगळं आटोपतं. इथे मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळपास रोज सामना. रात्री दहाला हरलात तर दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा मैदानात. हरल्याचं सुतक पाळायला उसंतच नाही. त्यामुळे चाहत्याचं नातं सणासुदीचं न राहता नेमाचं होतं. तुळशीला पाणी घालावं तसा रोजचा सामना, आणि नेम पीक चांगलं आलं म्हणून पाळायचा नसतो.

या खेळात एक जुनं बोलणं आहे. प्रत्येक संघ ५४ सामने जिंकणारच, ५४ हरणारच. उरलेल्या ५४ चं तुम्ही काय करता त्यावर हंगाम ठरतो. सॉक्सनी ४१ जिंकले. म्हणजे हक्काच्या ५४ मधलेही तेरा हातचे गेले.

हे एका वर्षात झालेलं नव्हतं. डिसेंबर २०१६ मध्ये क्रिस सेल हा अव्वल पिचर (चेंडू टाकणारा) बॉस्टनला देऊन सॉक्सनी संघ मुळापासून बांधायला घेतला. चाहत्यांना सांगितलं गेलं की थोडी वर्षं सोसा. त्यांनी सोसली, २०१८ मध्ये १०० पराभवही सोसले. २०२१ मध्ये ९३ विजय आणि विभागाचं विजेतेपद मिळालं तेव्हा वाटलं, सोसल्याचं चीज झालं. मग २०२२ मध्ये ८१-८१, २०२३ मध्ये ६१-१०१. २०२३ च्या ऑगस्टमध्ये वरचे दोन अधिकारी गेले, त्यांच्या जागी क्रिस गेट्झ आले, मार्च २०२४ मध्ये डिलन सीझ हा पिचर सॅन दिएगोला गेला. एप्रिल उजाडताच लुईस रॉबर्ट, योआन मोंकादा आणि एलोय हिमेनेझ हे तिन्ही मुख्य बॅटर काही दिवसांच्या अंतराने जायबंदी झाले. सुरुवात ३ विजय, २२ पराभव. मग सलग १४ हरले. मग १० जुलै ते ५ ऑगस्ट सलग २१. माणूस सोसतो ते पुढे काहीतरी आहे म्हणून. बांधकाम पूर्ण झालं म्हणून पेढे वाटावेत आणि तिसऱ्या वर्षी स्लॅब गळायला लागावा, तसा हा घाव होता. २०२४ चे चाहते १२१ वेळा हरले, पण त्यांना लागलं ते या दुसऱ्या मोडतोडीमुळे.

अशा हंगामात टिकून राहायचं तर हाताला काम हवं. माझ्या मते सगळ्यात चांगलं काम म्हणजे स्कोअरची वही. कांगा लीगमध्ये पावसाचे थेंब चुकवत वही भरणारा मुंबईचा स्कोअरर हे लगेच ओळखेल.

एका सामन्याला दोन पानं, एक पाहुण्यांचं, एक यजमानांचं. डावीकडे नऊ बॅटरांची नावं, प्रत्येक नावाखाली बदली खेळाडूसाठी एखाददुसरी रिकामी ओळ, आणि पुढे प्रत्येक इनिंगचा एक चौकोन. नवव्या इनिंगच्या पुढे तीन रकाने मोकळे सोडावेत. सामना लांबतो तेव्हा समासात लिहायची वेळ येते. क्षेत्ररक्षकांचे आकडे ठरलेले: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर आणि राइट फील्ड ७, ८, ९. नवखे चुकतात ते शॉर्टस्टॉपपाशी. तो उभा असतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, म्हणून त्याला ५ दिला जातो आणि पुढचं सगळं पान बिघडतं. जमिनीवरून गेलेला चेंडू शॉर्टस्टॉपने अडवून पहिल्या बेसवर फेकला तर चौकोनात ६-३. एकाच चेंडूवर दोघे बाद झाले आणि चेंडू शॉर्टस्टॉप, दुसरा बेस, पहिला बेस असा फिरला तर ६-४-३. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक होऊन बाद) रोमन ‘के’; बॅट न फिरवता नुसता बघत बाद झाला तर तेच अक्षर उलटं. बॅटर जितके बेस पुढे जाईल तितक्या बाजू चौकोनातल्या हिऱ्याला काढायच्या, आणि तो चार बेस फिरून ‘घरी’ परतला, म्हणजे रन पूर्ण झाली, की हिरा भरून टाकायचा.

शिसपेन्सिल आणि खोडरबर घ्यावा. पेनाने लिहिणाऱ्याचं पान सहाव्या इनिंगपर्यंत वाचण्याजोगं राहत नाही, कारण पंचांचा निर्णय व्हिडिओ बघून बदलतो आणि मग ६-३ खोडून हिऱ्याची बाजू काढावी लागते. पिचर मध्येच बदलला तर त्याने गोलंदाजी केलेल्या शेवटच्या बॅटरखाली जाड रेघ मारायची. बेसवर आधीपासून असलेला माणूस पुढे घरी आला तर ती रन जुन्याच पिचरच्या खात्यात जाते. ही रेघ विसरली की दोघांचेही हिशेब चुकतात. आणि समोरच्या संघाचे नऊच्या नऊ बॅटर एकाच इनिंगमध्ये खेळून दहावा, म्हणजे पहिलाच, परत आला तर पुढचा रकाना त्याच इनिंगसाठी वापरून डोक्यावरचे आकडे एकेकाने सरकवायचे. हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला हे फार लवकर शिकावं लागतं.

सामना संपला की ताळा करायचा. मैदानात आलेला प्रत्येक बॅटर शेवटी तीनच ठिकाणी सापडतो: बाद झाला, रन करून घरी आला किंवा बेसवर अडकून राहिला. समजा एका संघाचे ३४ बॅटर खेळले. बाद २७, रन २, अडकलेले ५. बेरीज ३४, पान बरोबर. जुळलं नाही तर एखादा वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला पहिला बेस) किंवा बदली खेळाडू लिहायचा राहिलाय. यजमान जिंकत असतील तर नववी इनिंग ते खेळत नाहीत, तेव्हा बाद २४ धरायचे. संघ ८-१ ने हरलेला असतानाही हा ताळा जुळल्यावर जीवाला जे बरं वाटतं ते खरं आहे. त्या दिवशी जे घडलं त्याची निदान नोंद नीट झाली.

वही आणखी एक करते. हार कुठून आत शिरली ते बोट ठेवून दाखवते. उजव्या समासात प्रत्येक इनिंगला पिचरने टाकलेले चेंडू लिहीत जा. सुरुवात करणारा पिचर आजकाल साधारण ९०-१०० चेंडूंत थांबवतात. तिसऱ्या इनिंगलाच ५५-६० झाले असतील तर तो पाचवीपुढे जात नाही हे नक्की. मग राखीव पिचरांना चार इनिंग ओढाव्या लागतात, आणि त्यातले जे आज थकले ते उद्या उपलब्ध नसतात. उद्याचा सामना तिथेच अर्धा हरलेला असतो. संघात खेळाडू २६, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. ताजा हात हवा तर कुणालातरी खालच्या लीगमध्ये पाठवावं लागतं, आणि पाठवलेला पिचर कुणाच्या दुखापतीमुळे जागा रिकामी झाली नाही तर १५ दिवस परत बोलावता येत नाही. सलग हारींची माळ लागते ती बहुधा अशी. लोक म्हणतात खेळाडूंनी अवसान गाळलं. वही बघितली तर दिसतं की चौथ्या दिवशी आठव्या इनिंगमध्ये चेंडू टाकणारा माणूस तिथे त्या दिवशी असायलाच नको होता.

हिशेबाचा दुसरा भाग रात्रीचा, कागद-पेन्सिलचा. हंगामभरात सॉक्सनी ५०७ रन केल्या, ८१३ दिल्या. सामन्याला ३.१ केल्या आणि ५ दिल्या. या दोन आकड्यांवरून किती विजय ‘व्हायला हवे होते’ ते काढायची रीत सोपी आहे. केलेल्या रनांचा वर्ग करा, दिलेल्यांचा वर्ग करा आणि पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागा. २,५७,०४९ भागिले ९,१८,०१८ म्हणजे ०.२८, गुणिले १६२, उत्तर ४५. वर्गाऐवजी १.८३ चा घात घेणारी सुधारित रीत ४८ सांगते. प्रत्यक्षात ४१. म्हणजे संघ फार वाईट होताच, पण चार ते सात सामने नशिबानेही नेले. अशा हिशेबाने दुःख कमी होत नाही, त्याची दोन ढिगांत वाटणी मात्र होते: एवढं आपलं, एवढं वाऱ्याचं. वाऱ्याचा ढीग पुढच्या वर्षी सहसा परत येत नाही.

ऑगस्ट लागला की प्लेऑफच्या शर्यतीतून बाद होण्याचा आकडाही मांडता येतो. १६३ मधून पुढच्या संघाचे विजय वजा करा, मग आपले पराभव वजा करा. त्याचे ७० विजय, आपले ८५ पराभव असतील तर उरले ८. त्याच्या विजयांची आणि आपल्या पराभवांची बेरीज आणखी आठने वाढली की संपलं. शून्य आलं की गणिताने दार बंद. २०२२ पासून बरोबरी झाली तर जादा सामना खेळवत नाहीत, आपापसातल्या निकालावर फैसला होतो. म्हणून त्या संघाशी आपण वर्षभरात जास्त वेळा हरलो असू तर १६३ ऐवजी १६२ धरायचे. जुन्या पुस्तकांतून शिकलेले लोक इथे एकाने चुकतात. सॉक्सच्या बाबतीत तिसऱ्या वाइल्ड कार्डाशी (विभाग न जिंकताही प्लेऑफमध्ये जाणाऱ्या तिसऱ्या संघाशी) मांडलेला हा आकडाही ऑगस्टच्या मध्यातच संपला. पुढे सहा आठवडे सामने होतेच.

त्या सहा आठवड्यांत बघायचं काय? खाली बघायचं, म्हणजे खालच्या लीगांत. सॉक्सचे चार पायऱ्यांचे संघ आहेत: कॅनापोलिस, विन्स्टन-सेलम, बर्मिंगहॅम, शार्लट. ज्या वर्षी वरचा संघ १२१ हरला त्याच वर्षी बर्मिंगहॅम बॅरन्सनी सदर्न लीगचं अजिंक्यपद घेतलं. त्यांच्यात नोआ शुल्ट्झ होता, पावणेसात फूट उंचीचा डावखुरा पिचर, शिकागोच्याच उपनगरी भागातला. खालच्या लीगचा स्कोअर वाचताना सरासरीआधी वय बघावं. १९ वर्षांचा पोरगा २३-२४ वर्षांच्यांमध्ये साधारण खेळत असला तरी ती बातमी चांगली. २६ वर्षांचा तिथे तळपत असेल तर फारसा अर्थ नाही. पिचरचे स्ट्राइकआउट आणि वॉक बघावेत, जिंकले-हरले बघू नये.

शेवटच्या क्रमांकाचा मोबदलाही नीट समजून घ्यावा, नाहीतर नाहक आशा लागते. पूर्वी सगळ्यात वाईट संघाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिली निवड मिळायची. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा जागांसाठी सोडत निघते आणि तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची संधी सारखीच, १६.५ टक्के. शिवाय महसूल-वाटपात पैसे भरणाऱ्या मोठ्या शहरांतल्या संघाला लागोपाठ दोन वर्षं सोडतीतली जागा मिळत नाही. म्हणून १२१ पराभवांनंतर २०२५ मध्ये सॉक्सना मिळाली दहावी निवड. ज्यांनी वर्षभर ‘हरा, निदान पहिला पोरगा तरी मिळेल’ म्हणत दिवस काढले त्यांना हा नियम फार उशिरा कळला. रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये मात्र सोडत नाही. दुसऱ्या संघांनी राखून न ठेवलेले खेळाडू तिथे उचलता येतात आणि तळाच्या संघाला पहिला मान. सॉक्सनी मिल्वॉकीचा शेन स्मिथ उचलला आणि २०२५ मध्ये तो ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला. शेवटच्या क्रमांकाची ही एवढी एक मिळकत.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. चाहता हरणं सोसतो. त्याला वाऱ्यावर सोडलेलं तो सोसत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि स्टँडमध्ये बसलेल्यांना त्यांतला फरक आकडेतज्ज्ञांच्या आधी कळतो.

१८९९ च्या क्लीव्हलँड स्पायडर्सनी २० जिंकले, १३४ हरले. मालक रॉबिसन बंधूंकडे सेंट लुईसचाही संघ होता आणि हंगामाआधी त्यांनी चांगले खेळाडू तिकडे हलवले होते. क्लीव्हलँडकरांनी मैदानाकडे पाठ फिरवली, मग संघ बहुतेक सामने परगावीच खेळला. त्यांना बेवफा कोण म्हणेल? ओकलंडमध्ये २०२३ साली हेच वेगळ्या रीतीने झालं. मालकांनी तिथला ए’ज हा संघ लास वेगासला न्यायचं ठरवलं, खर्च आवळला, मैदान ओस पडलं आणि मग त्याच ओस मैदानाकडे बोट दाखवून म्हटलं जाऊ लागलं की इथे चाहतेच नाहीत. तेव्हा चाहत्यांनी उलटा बहिष्कार केला. १३ जून २०२३ ला, मंगळवारी, ठरवून २७,७५९ लोक आले, अंगात हिरवे ‘सेल’ (विका) लिहिलेले शर्ट. पाचव्या इनिंगच्या पहिल्या बॅटरला सगळं मैदान गप्प राहिलं आणि मग एकदम ‘संघ विका’चा घोष उसळला. ए’ज २-१ ने जिंकले, लागोपाठ सातवा विजय. दोनच दिवसांनी नेवाडाच्या गव्हर्नरांनी नव्या मैदानासाठीच्या ३८ कोटी डॉलरच्या कायद्यावर सही केली. संघ गेलाच. सॉक्सची २१ हारींची माळ तुटली ती ६ ऑगस्ट २०२४ ला त्याच ओकलंडच्या मैदानात, ५-१ ने. एक गाव निरोपाचे दिवस मोजत होतं, दुसरं पराभव.

शिकागोतही २०२४ च्या शेवटच्या घरच्या मालिकेत तोच घोष झाला. जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून मालक आहेत. त्यांच्या काळात २००५ ची वर्ल्ड सिरीज आली, ८८ वर्षांनी, हे चाहते विसरलेले नाहीत. पण त्याच २०२४ मध्ये नव्या मैदानासाठी सरकारी पैशाची मागणी चालली होती. त्या मालिकेत १२१ वा पराभव बघायला म्हणून आलेले लोकही होते. एंजल्सविरुद्धचे तिन्ही सामने सॉक्सनी जिंकले, आणि नकोसा इतिहास डेट्रॉइटला गेला.

उलट उदाहरण बॉल्टिमोरचं. १९८८ चे ओरिओल्स पहिले २१ सामने हरले. पहिला विजय मिळाला तो शिकागोत, याच सॉक्सविरुद्ध. घरी परतले तेव्हा १ विजय, २३ पराभव. २ मे ला स्वागताला ५०,४०२ लोक होते. यामागे दुसरी एक जखम होती: चार वर्षांपूर्वी त्या गावातला अमेरिकन फुटबॉलचा संघ रातोरात सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेला होता. आणि त्याच संध्याकाळी नव्या मैदानाच्या दीर्घ कराराची, म्हणजे ओरिओल्स इथेच राहणार याची, घोषणा झाली. पन्नास हजार लोक १-२३ वाल्या संघासाठी कसे ओरडतात ते या एका वाक्याने कळतं. १९६२ च्या मेट्सचंही तसंच. १९५७ नंतर डॉजर्स आणि जायंट्स दोघेही कॅलिफोर्नियाला गेले, न्यू यॉर्कमध्ये नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा) संघच उरला नाही. पाच वर्षांनी जो आला तो १२० हरला, तरी पोलो ग्राउंड्सवर नऊ लाखांहून जास्त लोक आले. सात वर्षांनी मेट्स विश्वविजेते होते, पण नऊ लाखांना ते ठाऊक नव्हतं.

सॉक्सच्या ३५ व्या रस्त्यावरच्या मैदानात स्कोअरबोर्डवरून आतषबाजी होते, १९६० पासूनची रीत. सॉक्सच्या कुणीही होमरन मारला की होते; संघ नऊने मागे असला तरी तेवढीच. कणसाचे दाणे लोणी, मेयोनीज, चीज, तिखट आणि लिंबू घालून कपात देतात, मेक्सिकन पद्धतीचे एलोते. पावसाळ्यात कणसाला लिंबू-तिखट चोळून खाणाऱ्याला ते परकं वाटणार नाही. हातात तो कप, मांडीवर वही. पाचव्या इनिंगच्या पुढे संघ मागे पडलेला असेल तर तिकीट कुठलंही असो, बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर पेन्सिली ठेवता येतात.

शनिवारी, २८ सप्टेंबरला, उच्चांक झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, सॉक्स डेट्रॉइटमध्ये ४-० ने जिंकले. रविवारी ९-५ ने. प्लेऑफच्या हिशेबात या दोन सामन्यांना सॉक्सच्या बाजूने काहीच किंमत नव्हती. वहीत त्यांचीही दोन-दोन पानं आहेत, अठरा हिरे भरलेली, ताळा केलेली.